मार्क मागे फिरला, याचा राग कोणाला यावा?

‘सेव्हरन्स’ या मालिकेच्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग, ‘कोल्ड हार्बर’, २१ मार्च २०२५ रोजी आला आणि त्यातल्या अखेरच्या काही मिनिटांनी आमच्या ओळखीतल्या प्रेक्षकांचे सरळ दोन तट पाडले. एका तटाचे म्हणणे असे की मार्कने बायकोचा विश्वासघात केला. दुसऱ्याचे असे की तिला दाराबाहेर सोडून जो आत फिरला तो तिचा नवरा नव्हताच, तेव्हा विश्वासघाताचा प्रश्नच उद्भवत नाही. सप्टेंबरात एमी पुरस्कार जाहीर झाले तेव्हा वाटले होते की आता सगळे कौतुकाला लागतील आणि वाद निवेल, पण पुरस्कारांच्या निमित्ताने अनेकांनी तो भाग पुन्हा पाहिला आणि नव्या दमाने भांडू लागले. मी दुसऱ्या तटातली आहे, आणि का आहे ते सविस्तर मांडण्यासाठी हे लिहीत आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढे काहीही झाकून ठेवलेले नाही.

पाहून बराच काळ लोटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात उजळणी करते. ल्युमन नावाच्या कंपनीत काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत चिप बसवलेली असते. लिफ्टने त्या विशिष्ट मजल्यावर उतरताच त्यांना बाहेरचे काही आठवेनासे होते आणि बाहेर पडताच आतले काही आठवत नाही. आतला तो ‘इनी’ आणि बाहेरचा तो ‘आउटी’. मार्क स्काउटची बायको जेमा अपघातात गेली असे त्याला सांगण्यात आलेले असते आणि निदान दिवसाचे आठ तास तरी ते दुःख वाट्याला येऊ नये म्हणून तो ही शस्त्रक्रिया करून घेतो. प्रत्यक्षात जेमा जिवंत असून त्याच इमारतीत आणखी खालच्या मजल्यावर कोंडलेली आहे. शेवटच्या भागात आतला मार्क तिला शोधतो, जिन्याच्या दारापर्यंत आणतो, दाराबाहेर ढकलतो, आणि स्वतः उंबरठ्याच्या आतच थांबतो. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला हेली, आतल्या मार्कची सहकारी आणि प्रेयसी, उभी असते. जेमा काचेपलीकडून त्याला हाका मारत राहते आणि तो हेलीकडे वळतो. पुढे लाल दिव्यांच्या उजेडात हातात हात घालून दोघांचे धावणे, आणि चित्र गोठते.

मी ऐरोलीला नोकरी करते आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या लोकलने जाते, त्यामुळे या मालिकेबद्दल पहिली प्रतिक्रिया कोणती ऐकू येणार हे मला आधीच माहीत होते. काचेच्या इमारती, गळ्यातले ओळखपत्र, दारावर कार्ड लावले की उघडणारा अडसर. हे सगळे पाहून ‘आपण सगळे ल्युमनमध्येच आहोत’ असे म्हणणे सोपे आहे, आणि मला ते फारसे पटत नाही. आमचे दुखणे नेमके उलटे आहे. आमचा लॅपटॉप आमच्याबरोबर लोकलमध्ये बसून घरी येतो आणि रात्री दहालाही त्याला आमची आठवण येते. मालिकेची कल्पना ज्याला सुचली तो डॅन एरिक्सन लॉस एंजेलिसमध्ये दारे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात काम करत होता, आणि मधले आठ तास गाळून थेट संध्याकाळ उजाडावी या इच्छेतून ही कथा निघाली असे त्याने सांगितले आहे. म्हणजे मूळ इच्छा आउटीची आहे. मालिकेची खरी हुशारी ही की तिने ती इच्छा पुरी केली आणि मग ते गाळलेले तास ज्याच्या वाट्याला आले त्याला बोलायला लावले.

तरीही आमच्या इमारतीतल्या एका सहकाऱ्याचे मत इथे नोंदवायलाच हवे. तो पूर्वी एका परदेशी बँकेची कागदपत्रे तपासणाऱ्या मजल्यावर होता. आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये, पिशवी लॉकरमध्ये, टेबलावर पेन आणि कागद ठेवायलाही मनाई, कारण कोणी खात्याचा क्रमांक उतरवून घेऊ नये. एकदा त्याच्या घरून तातडीचा फोन येत होता आणि तो लॉकरच्या पत्र्यावर वाजत राहिला. त्याला कळले ते जेवणाच्या सुट्टीत. ल्युमनच्या लिफ्टमध्ये अक्षरे ओळखणारे यंत्र असते, कागदाचा एक कपटाही बाहेर नेता येत नाही, हे पाहून बाकीचे हसले तेव्हा तो हसला नव्हता. शेवटच्या भागाबद्दल त्याचे म्हणणे थोडके आहे: आतल्या मार्कला कोणी विचारले होते का? बायको बाहेरच्याची, दुःख बाहेरच्याचे, सुटकेचा बेत बाहेरच्याचा. आतल्याने फक्त काम करायचे आणि संपायचे.

हा प्रश्न याच भागाच्या सुरुवातीला मालिकेने स्वतःच उभा केलेला आहे, आणि ज्यांना शेवट अचानक वाटला त्यांनी तो प्रसंग पुन्हा पाहावा असे मी आग्रहाने सांगेन. तेच तंत्र बसवलेल्या, रानातल्या एका प्रसूतिगृहाच्या खोलीत पाऊल टाकले की मार्क आतला होतो आणि बाहेर सज्जात आला की बाहेरचा. एका लहान व्हिडिओ कॅमेऱ्यावर दोघे एकमेकांसाठी निरोप ध्वनिचित्रित करतात: एक बोलतो, दार ओलांडतो, दुसरा ते पाहतो, उत्तर देतो, पुन्हा दार ओलांडतो. एकच माणूस, एकच अंगरखा, आणि मधे फक्त दाराची चौकट. ॲडम स्कॉटने दोघांच्या चेहऱ्यात ठेवलेला फरक इतका सूक्ष्म आहे की पहिल्यांदा तो नुसता जाणवतो, दुसऱ्यांदा पाहताना कळतो: बाहेरच्याच्या डोळ्यांखाली थकवा आहे आणि आतल्याच्या मानेत अजून शाळकरी ताठपणा आहे.

संभाषण फार सलोख्याने सुरू होते. बाहेरचा मनापासून माफी मागतो, आतल्याच्या आयुष्याला दुःस्वप्न म्हणतो, आणि इथेच पहिला खडा लागतो, कारण आतल्याला ते वर्णन मान्य नाही. त्याला त्या मजल्यावर मित्र मिळाले आहेत, प्रेम मिळाले आहे. जे आहे तेवढ्यात त्याने जगायची रीत शोधली आहे. मग बाहेरचा त्याला पटवू लागतो की दोघांच्या स्मृती एकत्र करता येतील, कोणालाच संपावे लागणार नाही, आणि तुझ्या त्या मुलीवरचे प्रेमही टिकेल. हे सांगताना तो हेलीचे नाव चुकवतो. ‘हेलिनी’ म्हणतो. आतल्याचा चेहरा त्या क्षणी बदलतो, आणि माझ्या मते मार्क आणि जेमाच्या सुटकेचा बेत तिथेच फिसकटलेला आहे. ज्याच्याकडून तुम्ही सर्वस्वाचा त्याग मागता, त्याच्या आयुष्यातल्या एकमेव माणसाचे नावही तुम्हाला धड ठाऊक नसावे, यापुढे कोणते वचन विश्वासार्ह ठरेल? आतला मार्क बरोबर हिशेब करतो: याच्या आयुष्याची वर्षे चाळीसच्या पुढे, माझी जेमतेम दोन, एकत्र ओतले तर मी कितीसा उरेन? बाहेरच्याकडे याचे उत्तर नाही. त्याच्याकडे घाई आहे. अगदी वाजवी घाई आहे, बायको मरणार आहे. पण घाईत दिलेले आश्वासन ऐकणाऱ्याला ओळखू येतेच.

हे सगळे मी नौपाड्यातल्या माझ्या मावशीला सांगून पाहिले. मावशीने मालिका माझ्या मावसभावाबरोबर, खालची इंग्रजी अक्षरे वाचत, मधेमधे ती थांबवून प्रश्न विचारत पूर्ण पाहिली आहे आणि ती कट्टर जेमाच्या बाजूची आहे. तिला या शेवटात मच्छिंद्रनाथ दिसले. ती श्रावणात नवनाथांच्या पोथीचे पारायण करते, त्यामुळे तिला ते दिसणे साहजिकच होते, पण आम्हा कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. स्त्रीराज्यात रमलेले मच्छिंद्रनाथ, आणि त्यांना परत नेण्यासाठी वेष पालटून दरबारात आलेला, मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक घालणारा गोरख. मावशीचा मुद्दा असा की मच्छिंद्रनाथही तिथे सुखातच होते; सुखात आहे म्हणून मुक्कामाची जागा घर ठरत नाही. ‘अगं, ती जिन्यात उभी राहून ओरडते आहे आणि हा दुसरीचा हात धरून पळतो आहे, याला तू काय म्हणशील?’ असे तिने मला विचारले.

परदेशी प्रेक्षकांनी याच प्रसंगात ऑर्फियसची ग्रीक कथा पाहिली: पाताळातून बायकोला आणायला गेलेला आणि शेवटच्या पायरीवर मागे वळलेला नवरा. ती तुलना बसते, पण मला मावशीची जास्त आवडली, कारण तिच्यात विस्मरण आहे, आणि या मालिकेचा सगळा डोलारा विस्मरणावरच उभा आहे. फक्त एक फरक मी मावशीला दाखवला. मृदंग वाजला तेव्हा मच्छिंद्रनाथांना जे आठवले ते त्यांचे स्वतःचेच होते. आतल्या मार्कपाशी आठवण्यासारखे काही नाही. त्याने जेमावर कधी प्रेम केलेले नाही. त्याला ठाऊक आहेत त्या मिस केसी, म्हणजे जेमाचाच त्या मजल्यावरचा इनी, कोऱ्या आवाजात चांगलेचुंगले सांगणाऱ्या समुपदेशिका. तुम्ही जगातले सगळे मृदंग वाजवलेत तरी जे मनात कधी नव्हतेच ते जागे कसे होणार? मावशीने हे शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, ‘मग त्या पोरीने इतकी वर्षे कोणाची वाट पाहिली?’ यावर मला काही बोलता आले नाही, आणि आजही येत नाही.

कारण जेमाचे प्रकरण खरोखरच दारुण आहे. सीझनच्या सातव्या भागात, जो या मालिकेची छायालेखिका जेसिका ली गान्ये हिने दिग्दर्शित केला, तिचा सगळा भूतकाळ येतो, आणि तिच्यावर काय प्रयोग चालू आहेत तेही दिसते. एकेका खोलीत तिचा एकेक नवा इनी: एक सदैव दंतवैद्याकडे, एक सदैव हेलकावे खाणाऱ्या विमानात, एक सदैव नाताळची आभारपत्रे लिहीत बसलेली. प्रत्येक खोलीत नुसते दुःख भोगायला एक स्वतंत्र बाई तयार केलेली आहे. शेवटची खोली म्हणजे कोल्ड हार्बर. तिथे तिला एक पाळणा सुटा करायला सांगतात. मूल व्हावे म्हणून तिने आणि मार्कने वर्षे घालवली, त्या काळात घरी आणलेला तो पाळणा. आणि ती हातात हत्यार घेऊन त्याचे स्क्रू एकामागून एक काढते, चेहऱ्यावर काहीही न उमटता. वरच्या पडद्यावर ते पाहणाऱ्यांना याच कोऱ्या चेहऱ्याची गरज आहे. अख्ख्या भागात मला सर्वांत भयंकर वाटले ते हे. ल्युमनचा अधिकारी ड्रमंड याचे मरण त्यापुढे काहीच नाही, जरी ते सुचलेले मात्र अफलातून आहे. आतला मार्क त्याच्या मानेशी बंदूक धरून लिफ्टने खाली येतो, लिफ्ट सीमा ओलांडते, आतल्याचा बाहेरचा होतो, आणि त्या बदलाच्या झटक्याने बोट दाबले जाते. शुद्धीवर येतो तो रक्ताने माखलेला आणि आपण नेमके काय केले याचा पत्ता नसलेला माणूस. मारले कोणी, असे विचारले तर दोघांपैकी कोणाचे नाव घ्यायचे? विज्ञानकथेने तिची एक कल्पना इतक्या काटेकोरपणे वापरलेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

आता तक्रारी. माझा मावसभाऊ पहिल्या सीझनपासून वहीत अंदाज लिहून ठेवत आला आहे. मधे जवळजवळ तीन वर्षांचा खंड पडला, २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर होते, तेवढ्या काळात वहीची पाने वाढतच गेली. त्याचा राग मार्कवर नाही. एवढी वाट पाहायला लावून उत्तरे मात्र उरकून टाकली, याचा आहे. मार्क आणि त्याचे सहकारी संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यांचे काय करत होते, या प्रश्नावर दोन सीझन चालले, आणि उत्तर मार्कच्या पूर्वीच्या वरिष्ठ कोबेल बाई खोलीत बसून चार वाक्यांत देऊन मोकळ्या होतात: ते आकडे म्हणजे तुझी बायको, प्रत्येक पूर्ण झालेली फाइल म्हणजे तिच्यात घडवलेले एक नवे मन. कल्पना उत्तम आहे, पण ती आपल्याला पाहायला मिळत नाही, सांगितली जाते. शेळ्यांचेही तेच. ल्युमनच्या इमारतीत पाळलेल्या शेळ्या कशासाठी, यावर त्याने केवढे तर्क लढवले होते, आणि निघाले काय, तर जेमाबरोबर पुरायचा बळी, तिच्या आत्म्याला वाट दाखवण्यासाठी. मला स्वतःला हे आवडले, कारण ल्युमन ही यंत्रांची कंपनी दिसत असली तरी तिचा कारभार एखाद्या पंथासारखा चालतो हे त्यातून ठसते. मावसभावाचे समाधान झालेले नाही. मार्कचा सहकारी आयर्विंग या भागात दिसतच नाही, याबद्दल मात्र मी त्याच्या बाजूची आहे. जॉन टर्टुरोसारखा नट हाताशी असताना त्याला नवव्या भागात आगगाडीत बसवून निरोप द्यावा आणि शेवटाला त्याची सावलीही नसावी, हे खटकते.

उलट त्या मजल्याचा व्यवस्थापक मिल्चिक याच्या वाद्यवृंदावर काहींनी घेतलेला आक्षेप मला समजत नाही. मार्कने फाइल पूर्ण केल्याबद्दल अख्खे बँडपथक त्या पांढऱ्या कार्यालयात ढोल वाजवत शिरते आणि स्वतः मिल्चिक त्याच्या पुढे नाचतो. वेळ काढला, असे कोणी म्हणतात. पण कंपन्यांत कौतुकाचे सोहळे कसे होतात हे ज्याने अनुभवले आहे त्याला या सोहळ्याच्या जातकुळीची ओळख पटेल: काम फत्ते झाले म्हणून जल्लोष, आणि काम झालेल्या माणसाची पुढची सोय कोणीही सांगत नाही. इथे ढोल झोपलेल्याला जागे करण्यासाठी वाजत नाहीत. ढोल वाजतात ते जागा झालेला मार्क निसटून जाऊ नये म्हणून. आणि निसटायचे तर त्याच गोंगाटाच्या आडून. ट्रामेल टिलमनला सहायक अभिनेत्याचा एमी मिळाला, नाट्यमालिकांच्या त्या गटात हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय नट ठरला, आणि तो नाच पाहिलेल्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटले नसेल. या माणसाच्या शब्दसंपदेबद्दल त्याचे वरिष्ठ त्याला टोचत असतात, हा धागा मला विशेष प्रिय आहे, आणि हे लेखन ज्या वळणाचे झाले आहे ते पाहता त्याचे कारण वाचकांना कळलेच असेल.

हेलीबद्दल मात्र दोन्ही तट कमी बोलतात, आणि माझ्या दृष्टीने तीच शेवटाची किल्ली आहे. ब्रिट लोअरला मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तो काही उगीच नाही. हेली बाहेर कोण आहे? कंपनीच्या मालकाची मुलगी, हेलेना. म्हणजे मार्कला निदान बाहेरच्याने स्मृती जोडून घेण्याचे आमिष तरी दाखवले. हेलीला बाहेर काहीच नाही, बाहेर तिची शत्रू तिच्याच देहात राहते. ती हे मार्कला स्पष्ट सांगते आणि त्याने जेमाला वाचवावे म्हणूनच त्याला धाडते. स्वतः मागे राहून बँडपथकातल्या अनोळखी इनींपुढे टेबलावर चढून उभी राहते. अर्धे आयुष्य देतात आणि त्यासाठीही आम्ही झगडणार नाही असे समजतात, अशा आशयाचे ती बोलते तेव्हा ही एका मार्कची गोष्ट राहत नाही. त्यांचा सहकारी डिलन परत येतो तोही याच वेळी, शीतपेयांच्या यंत्राला खांदा लावत. मिल्चिकला कोंडणाऱ्या त्या धडपडीत मला प्रेमकथेपेक्षा संपाची चाहूल जास्त लागली. ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी बंद दाराबाहेरची आंदोलने पाहिली आहेत, त्या पिढीच्या आमच्या शेजारच्या काकांनी हाच एक प्रसंग मनापासून वाखाणला. बाकी मालिका त्यांना संथ वाटते.

या सगळ्यानंतर मार्क दारात उभा राहतो. एका पावलावर बायको आहे, पण ते पाऊल टाकताच तो स्वतः नाहीसा होणार, कदाचित कायमचा. तो जेमाला मरू देत नाही, तिला बाहेर काढतो, म्हणजे त्याने बाहेरच्या मार्कचे काम चोख पार पाडले; फक्त त्यापुढे स्वतःचा जीव देण्याचे नाकारले. याला स्वार्थ म्हणायचे असेल तर म्हणावे, पण मग बाहेरच्या मार्कने त्याला दोन वर्षे त्या मजल्यावर ठेवले त्याला काय म्हणायचे तेही ठरवावे. जेमाचा गट दुसरा प्रश्न टाळतो. माझा गटही एक गोष्ट टाळतो, आणि ती मी टाळू इच्छित नाही: त्या धावण्याला पुढे रस्ता नाही. इमारतीच्या बाहेर ते अस्तित्वातच नाहीत आणि इमारत शत्रूची आहे. दिग्दर्शक बेन स्टिलरने चित्र गोठवण्याआधी दोघांच्या चेहऱ्यांवर उत्साहाच्या जागी गोंधळ येऊ दिला आहे, तो याचसाठी असणार.

तिसरा सीझन होणार हे शेवटचा भाग आला त्याच दिवशी जाहीर झाले, तेव्हापासून आमच्याकडे अपेक्षांची देवाणघेवाण चालू आहे. मावसभावाला शेळ्यांच्या विभागाचा हिशेब हवा आहे. सहकाऱ्याला इनींच्या बाजूने कोणीतरी न्यायालयात उभे राहिलेले पाहायचे आहे, आणि मलाही ते आवडेल, कारण त्या जगात या शस्त्रक्रियेवरून राजकारण होते हे मालिकेने पहिल्याच सीझनमध्ये दाखवले आणि मग सोडून दिले. मावशीची मागणी सगळ्यांत व्यवहारी आहे. तिचे म्हणणे, जेमाने आता त्या दाराशी थांबू नये. पहिल्यांदा पोलिसांकडे जावे, तिच्या अंगावर काय काय केले ते सगळे लिहून द्यावे, आणि मार्कचे काय करायचे ते नंतर बघावे. मार्कची बहीण तिला आधार देईल याबद्दल मावशीला शंका नाही. कोबेलवर मात्र तिचा काडीचा विश्वास नाही, आणि तिसरा सीझन सुरू होण्याआधी तिने मला हे लिहून ठेवायला सांगितले आहे.